नव्वदपैकी नव्वद

९ फेब्रुवारी

ताईस,

फोन लागत नाही म्हणून तू काळजी करत असशील. फोन इथे फाटकावरच काढून घेतात, म्हणून हे पत्र. मला पत्र लिहायला जमत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा झालं ते सरळ सांगतो.

मागच्या सोमवारी तबेल्याच्या मालकाने मला इथे पाठवलं. एका मंडळाचा पांढरा घोडा आहे, त्याला नाल मारायचे होते. मंडळ कल्कीची वाट बघणाऱ्यांचं आहे. कलियुगाच्या शेवटी पांढऱ्या घोड्यावर बसून, हातात तलवार घेऊन येणार तो कल्की. आल्यावर घोड्यासाठी खोळंबा नको म्हणून यांनी घोडा आधीच घेऊन ठेवलाय. घोडा चांगला आहे. चार वर्षांत त्याच्यावर कुणी बसलेलं नाही आणि खुरांकडेही कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे ते बेढब वाढलेत.

आत जायचं तर आधी एक कागद भरावा लागतो. दूधवाला असो, वायरमन असो, सगळ्यांना. नव्वद प्रश्न, प्रत्येकाखाली चार उत्तरं, त्यातल्या एकावर खूण करायची. घोडा धरणारा माणूस यायला तासभर होता, म्हणून बसलो आणि खऱ्या खऱ्या खुणा केल्या. खाली तुमच्या ऑफिसचा शिक्का दिसला, बरं वाटलं.

पहिला नाल मारून होतोय तोवर मंडळाच्या बाई आल्या. या आधी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. माझा कागद त्यांच्या हातात होता. म्हणाल्या, नव्वदपैकी नव्वद. आणि माझ्या पाया पडल्या. घोड्याचा पाय माझ्या मांडीत होता, मला उठताही येईना.

उरलेले तीन नाल मारून निघालो, तर म्हणाल्या चार दिवस राहा. एवढी म्हातारी बाई, नाही म्हणता आलं नाही. जेवण चांगलं आहे. शुक्रवारपर्यंत येतो. मालकाला सांग की माझी हत्यारं माझ्याजवळच आहेत.

घुम्या

१५ फेब्रुवारी

घुम्या, की आता देवा म्हणायचं?

शुक्रवार येऊन गेला, तू नाही आलास. तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचा माणूस विचारायला आला, काय झालं. लहानपणी तुला दुकानातून साखर आणायला पाठवलं तर दुकानदाराशी बोलावं लागेल म्हणून तू रिकामा परत यायचास. आणि आता जगाचा उद्धार करणार. आमच्या आळीचा तरी करून दाखव, पाण्याची पाइपलाइन महिनाभर फुटलीय.

त्या कागदाची गोष्ट तुला माहीत नसेल. बाईंच्या मंडळाच्या दारात मागच्या एका वर्षात चार जण आले, चौघेही म्हणे आपणच कल्की. दोघांची तर घोड्यावरून मारामारी झाली. बाईंनी उभा जन्म पेपर तपासण्यात घातलेला. त्यांनी ठरवलं, परीक्षा घ्यायची. म्हणून आमच्याकडे आल्या. आमचं काम तुला ठाऊक आहे, नोकरीला घ्यायच्या माणसांचे स्वभाव तपासायचे आणि सोळा साच्यांपैकी एकात बसवून कंपनीला कळवायचं. देवाचं काम मात्र पहिलंच. कल्कीचा स्वभाव काढा, त्याची नव्वद उत्तरांची किल्ली करा, जो जुळेल तो आमचा, असं बाईंचं म्हणणं. किल्ली आमच्या विभागात झाली, तीन विद्वानांना विचारून, पोथ्या चाळून वगैरे. ते जाऊ दे.

गंमत अशी की नव्वद कुणालाच पडत नाहीत. मी माझाच कागद पंधरा दिवसांनी पुन्हा भरून पाहिला होता, तर एक्क्याऐंशी जुळले. तुझे नव्वद कसे आले कोण जाणे. योगायोग म्हणायचा. माझा तुझ्या कागदाशी काही संबंध नाही, माझ्याकडे तर ढीगभर कामं असतात. सांगायचं राहिलंच, मला विभागप्रमुख केलं. वेगळी केबिन, कपाटाची वेगळी किल्ली.

चांगलंचुंगलं खाऊन घे आणि ये. फार लाड करून घेऊ नकोस, नंतर घरचं जेवण घशाखाली उतरायचं नाही.

ताई

११ मार्च

ताई,

तो शुक्रवार गेला आणि पुढचेही चार गेले.

मला एक खोली दिलीय. इमारत जुन्या शाळेची आहे, खोलीत अजून फळा आहे. सकाळी दहा ते बारा आणि दुपारी चार ते सहा लोक माझ्यासमोर येऊन बसतात. काहीबाही विचारतात. मला उत्तर सुचत नाही, मी गप्प बसतो. ते थोडा वेळ थांबतात, रडतात आणि बरं वाटलं म्हणून निघून जातात. एकाने विचारलं, भावाशी भांडण मिटवू का. मी त्याच्या बुटांकडे बघत होतो, डावी टाच जास्त झिजली होती. तो म्हणाला, कळलं, आणि उठला. काय कळलं त्याचं त्यालाच ठाऊक.

मी तो नव्हे, असं बाईंना रोज सांगतो. त्या चिडत नाहीत. कागद काढतात आणि चौदावा प्रश्न दाखवतात. लोक मोठेपणा देतात तेव्हा तुम्ही काय करता? मी खूण केलीय, नाकारतो. किल्लीतही तेच आहे. म्हणजे मी जितकं नाही म्हणावं तितका जुळतो. म्हणून एक आठवडा उलटं केलं. म्हटलं, हो, मीच तो. तर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या, अखेर मान्य केलंत. इकडे आड, तिकडे विहीर.

कुलूप कुठेच नाही. परवा हत्यारांची पेटी उचलली आणि सरळ फाटकापर्यंत गेलो. बाहेर रस्त्यावर तीनशे माणसं बसलेली होती. कुणी अडवलं नाही. एक म्हातारा फक्त फाटकासमोर आडवा झाला. मग त्याच्या शेजारी त्याची बायको, मग एकेक करत सगळा रस्ता भरला. त्यांच्या अंगांवरून पाय टाकत जायला हवं होतं. मला नाही जमलं. परत आलो.

पत्रं बाई वाचतात. लपूनछपून नाही, माझ्यासमोर बसून वाचतात आणि पाकीट स्वतःच्या हाताने चिकटवतात. हेही वाचतील. वाचू देत.

तू असले कागद बनवतेस. आत शिरायची वाट आहे तर बाहेर पडायचीही असेल. ती मला सांग. इथे कुणी मला त्रास देत नाही आणि मला इथे एक दिवसही राहायचं नाही. श्वास पुरत नाही.

घुम्या

१७ मार्च

घुम्या,

तुझं पत्र वाचलं. मी आपली थट्टा करत बसले होते.

पोलिसांना फोन केला. त्यांनी विचारलं, कोंडून ठेवलंय का? मारतात का? उपाशी ठेवतात का? सगळ्याला नाही म्हणावं लागलं. मग तो साहेब म्हणतो, आमचेही दोघे तिकडे जाऊन आले, मन फार शांत होतं म्हणे. मी फोन ठेवून दिला.

मी स्वतः निघणारच होते, पण नवीन जबाबदारी अंगावर आहे, या महिन्यात रजा मागितली तर बरं दिसणार नाही. आणि लोक आडवे झोपतात तिथे मी येऊन तरी काय करणार? आपण नियमानेच सुटू. कागदाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलंय ते वाच. सहा आठवड्यांनंतर फेरपरीक्षा मागता येते. तुझे सहा आठवडे भरतच आलेत. त्यात साठाच्या खाली गेलास की बाद. मग बाईच तुला फाटकापर्यंत पोचवतील. नापास झालेल्याला गोंजारत बसणाऱ्यांपैकी त्या मला वाटत नाहीत.

तेव्हा फेरपरीक्षा माग आणि तू जे म्हणशील त्याच्या बरोबर उलट खूण करत जा. बाई, तुम्ही हे वाचत असाल तर खुशाल वाचा, खोटं लिहू नये असं नियमांत कुठेही नाही. नियम मीच लिहिलेत.

आठ दिवसांत घरी असशील. तोवर खचू नकोस.

ताई

८ एप्रिल

ताई,

फेरपरीक्षा झाली. नव्वदपैकी शून्य आलं.

मी हत्यारं आवरायला घेतली होती. बाईंनी कागद दोनदा तपासला. मग उठल्या आणि लोकांसमोर जाऊन म्हणाल्या, "पस्तीस वर्षं मी पेपर तपासले. डोळे मिटून खुणा करणाऱ्या पोरालाही वीस-बावीस पडतात. शून्य मिळवायला नव्वदच्या नव्वद उत्तरं माहीत असावी लागतात."

बाहेर आता हजार माणसं असतील. मी खिडकीतून मोजायचं सोडून दिलं.

तुला हे सुचलं नाही? चौदा वर्षं तू हेच काम करतेस.

पण विचारायचंय ते वेगळंच. पहिल्या वेळी मी प्रश्न भराभर वाचले होते. या वेळी उलट खूण करायची म्हणून एकेक नीट वाचावा लागला. एकसष्टावा प्रश्न असा आहे, घरचं माणूस गेल्यावर तुम्ही काय करता? रडता, इतरांना धीर देता, कामावर जाता, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालता. असलं उत्तर कुणाच्या डोक्यात येतं? आई गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं आणि मी तेलाची बुधली घेऊन एकेक दार करत हिंडत होतो. मागच्या दारापाशी पोचलो तेव्हा तिथे तू होतीस. तू दार धरून उभी राहिलीस. तिसरं कुणी नव्हतं.

तू लिहिलं होतंस, तीन विद्वानांनी किल्ली केली. त्यातला कोणता विद्वान आपल्या मागच्या दारापाशी उभा होता?

घुम्या

१४ एप्रिल

घुम्या,

मीच होते. प्रश्न मी काढले आणि किल्लीही मीच केली.

तीन विद्वानांकडे गेले होते हे खोटं नाही. पहिला म्हणाला, कल्की महासंतापी असणार. दुसरा म्हणाला, अत्यंत शांत. तिसरा म्हणाला, देवाला स्वभाव नसतो, आणि चहा पाजून त्याने मला वाटेला लावलं. सोमवारी किल्ली द्यायची होती. आमच्या मशीनला एक जरी प्रश्न रिकामा दिसला तरी ते अख्खा कागद परत फेकतं. जो अजून यायचाय त्याचा स्वभाव मी कुठून आणणार? माहिती होती ती एवढीच, घोडा, तलवार, आणि अन्याय सहन न होणं. घोडा म्हटल्यावर मला तू दिसलास.

शाळेत एक मास्तर तुझ्या वर्गातल्या मुलाला रोज मारायचे, आठवतं? तू एक दिवस जागेवर उभा राहिलास. बोलला काहीच नाहीस. तास संपेपर्यंत उभा होतास, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मास्तरांनी छडी बाहेर काढलीच नाही. मी खिडकीतून बघायची. म्हटलं, असाच असेल तो, असला तर. मग तू काय म्हणशील ते मनाशी धरत गेले आणि खुणा करत गेले. अर्धा तासही लागला नाही. माझा स्वतःचा कागद भरायला मला दोन तास लागले होते.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मला सगळं कळलं होतं. पण किल्ली शास्त्राधाराने केली असं लिहून दिलेल्या कागदावर सही माझी, आणि त्याच कामावर मी विभागप्रमुख झालेली. वाटलं, चार दिवसांत कंटाळतील आणि सोडतील, कुणाला कळायचंही नाही. मी घाबरले. कामाचं निमित्त काढून आले नाही तेही म्हणूनच. तू तिथे गुदमरत होतास आणि मी केबिनला पडदे कुठले लावावेत ते बघत होते. याची लाज मला आता जन्मभर पुरेल. आणि एक सांगते, तेही लाजिरवाणंच आहे. नव्वद वाचल्यावर मला आधी आनंद झाला होता. एवढी वर्षं लोकांचे स्वभाव ओळखून पोट भरते, तर एक माणूस तरी मी पुरता ओळखला, असा.

शून्याचं मला सुचायला हवं होतं. घाईत होते, आणि तू सुटलास की माझंही कुणाला कळणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

यासोबत बाईंसाठी वेगळं पत्र आहे, सही करून. त्यात सगळं कबूल केलंय. बाई, तुम्हाला हात जोडून सांगते, ते सगळ्या लोकांसमोर वाचा. एक प्रत मी ऑफिसात दिली आणि त्यांनी काल माझं टेबल रिकामं करून घेतलं. त्याचं काही नाही. तुझी खोली झाडून ठेवलीय. आता ते तुला का ठेवून घेतील?

तुझी ताई

२२ एप्रिल

आदरणीय ताईसाहेब,

आपलं पत्र मिळालं. आपल्या विनंतीप्रमाणे ते मी रविवारी सर्वांसमोर वाचलं. वाचताना मला दोनदा थांबावं लागलं.

आपण स्वतःला फार दोष दिला आहे, तो योग्य नाही. मी जुनी शिक्षिका, मला हिशोबाने चालायची सवय आहे. माणूस स्वतःशीसुद्धा एक्क्याऐंशीच जुळतो, असं आपणच फेब्रुवारीत लिहिलं होतं. मग भावाच्या जागी बहिणीने बसून खुणा केल्या, तर किती जुळाव्यात? साठ? सत्तर? नव्वद जुळतात तेव्हा हात बहिणीचा असतो, लिहिणारा निराळाच असतो. तीन विद्वान हरले, दिवस संपत आला आणि आपल्याला घोडा म्हणताच तेच दिसले. आपण त्याला अडचण म्हणता. त्याला दुसरं नाव आहे, दृष्टांत, आणि ते लोकांनी त्याच दिवशी उच्चारलं.

आजवर आमच्यात काही संशयी मंडळी होती. आपल्या पत्रानंतर एकही राहिली नाही, याबद्दल मी आपली ऋणी आहे.

आपली नोकरी गेल्याचं वाचून वाईट वाटलं. त्यांच्या शेजारची खोली आपल्यासाठी तयार केली आहे. उजेड भरपूर आहे, टेबल-खुर्ची आहे. लोकांना आपल्यालाही बघायचं आहे. आपण केव्हाही यावं. परत जायची घाई मात्र करू नये, लोकांना वाईट वाटतं.

आपली,
बाई

२५ एप्रिल

ताई,

तू येऊ नकोस. ही एक गोष्ट माझी ऐक.

तुझ्यावर राग धरला होता. दोन दिवस धरला, मग सुटला. तू लपवलंस ते मला लागलं, आणि अर्ध्या तासात नव्वद खुणा केल्यास तेही लागलं, पण ते वेगळं. आपण कधी एकमेकांशी धड बोललो नाही. मला वाटायचं तू तुझ्या बडबडीत असतेस, तुझं माझ्याकडे लक्षच नसतं.

शेजारची खोली मी पाहिली. माझ्यासारखीच आहे, तिच्याही दाराला कुलूप नाही. तू आलीस की परत जाताना तुझ्याही वाटेत माणसं झोपतील. मला ओलांडता आलं नाही, तुला तर अजिबात येणार नाही. तू कुणी शिंकलं तरी विचारायला थांबतेस. मग आपण दोघं भिंतीच्या दोन बाजूंना बसून राहू. घरी राहा, दुसरं काम शोध.

घोड्याला मी आता रोज फिरवतो. अंगणातच, भिंतीला लागून. लोक हात जोडून बघतात. घोडा दमत नाही, त्याला अजून लांब जायचं असतं. भिंत आली की तो थांबतो आणि मी लगाम वळवतो.

काल बाईंनी पुन्हा कागद दिला. आता दर महिन्याला देणार आहेत, लोकांना ऐकायला आवडतं म्हणून. या वेळी मी उलटं काही केलं नाही. जे खरं वाटलं त्यावर खुणा केल्या. एकोणनव्वद जुळले. नव्वदावा प्रश्न असा आहे, अडचणीत असताना कुणीतरी येऊन आपल्याला सोडवील अशी वाट तुम्ही बघता का? किल्लीत तू खूण केलीयस, कधीच नाही. फेब्रुवारीत मीही तीच केली होती आणि तेव्हा ती खरी होती. काल मी 'रोज' वर केली.

बाई त्या खुणेकडे बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं, आता त्यांना दिसलं. मग त्यांनी खोडरबर घेतलं, माझी खूण नीट पुसली, कागद फाटू नये म्हणून हळूहळू, आणि 'कधीच नाही' वर स्वतः खूण केली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "एवढे लोक तुमची वाट बघतायत. तुम्ही कुणाची बघितलीत तर त्यांनी कुठे जायचं?"

मग बाहेर जाऊन त्यांनी लोकांना नव्वद सांगितले.

तुझा,
घुम्या